पाठाचा व्हिडिओ स्वतः पाहताना

साहित्य : फोन, इअरफोन, वही, आणि आठवडाभर रोजची थोडी सवड.

पाठाचे व्हिडिओ करू लागलेले कितीतरी शिक्षक पहिलाच व्हिडिओ ऐकून पुसून टाकतात. ‘माझा आवाज असा?’ म्हणून. कृपा करून पुसू नका. बोलताना आपला आवाज हवेतून आपल्या कानांवर पडतोच, शिवाय कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोचतो आणि त्याला खर्जाची भर घालतो. माइकला ती भर मिळत नाही, म्हणून रेकॉर्डिंग किनरं वाटतं. वर्गातली मुलं मात्र तुमचा हाच आवाज ऐकत आली आहेत.

सुरुवात नुसत्या आवाजापासून करा. दोन मिनिटांचा एखादा भाग, समजा अपूर्णांकांची बेरीज, न वाचता वर्गात सांगता तसा रेकॉर्ड करा. तोच तुकडा दोन-तीन दिवस येता-जाता ऐका. या दिवसांत सुधारणा काहीही करायची नाही. कानाला नुसती सवय होऊ द्या. आवाज खुपेनासा झाला की पुढे चला.

आता चित्रीकरण. फोन मागच्या कॅमेऱ्याने, चार-पाच फुटांवर, डोळ्यांच्या उंचीला लावा; फार जवळून नाक मोठं दिसतं. तोंड खिडकीकडे असू द्या. पहिल्यांदा आवाज बंद करून पाहा. चेहरा काहीसा वाकडा वाटेल, कारण आरशात डावीकडे दिसणारा भांग इथे उजवीकडे गेलेला असतो. १९७७ साली अमेरिकेत मीटा, डर्मर आणि नाइट यांनी विद्यार्थिनींना त्यांचेच सरळ आणि आरशातल्यासारखे उलटे फोटो दाखवले. त्यांची पसंती जास्त करून उलट्या फोटोला होती, त्यांच्या मैत्रिणींची सरळ फोटोला. जो चेहरा रोज पाहतो तो बरा वाटतो, एवढंच.

मग आवाजासह पूर्ण पाहा आणि वहीत फक्त पाठाबद्दल लिहा : छेद समान का करायचा हे सांगताना घाई झाली, फळ्याकडे तोंड करून बोललो, ‘बरोबर?’ फार वेळा आलं. दिसण्याबद्दल एक अक्षरही नको. यातली एकच गोष्ट पुढच्या व्हिडिओत सुधारायला घ्या.

शेवटी एखाद्या सहकाऱ्याला दाखवा. ‘कसा वाटला?’ विचारलंत तर ‘छान’ ऐकू येईल. ‘कुठे कळलं नाही?’ असं विचारा.

ऑनलाइन तास चालू असताना मात्र स्वतःकडे पाहत बसू नका. झूममध्ये आपली चौकट फक्त आपल्यापुरती लपवता येते. मुलांना तुम्ही दिसतच राहता.