श्वानाचे नाक आणि माणसाचा इशारा

कुत्रा म्हणजे राखणीचे जनावर, एवढीच आम्हां खेड्यातील मुलांची कल्पना. परंतु अमेरिकेत कुत्र्याच्या घ्राणशक्तीवर 'नोज वर्क' नावाचा एक स्पर्धात्मक खेळ उभा राहिला आहे. त्याची राष्ट्रीय संघटनाही स्थापन झाली. प्रस्तुत लेखात या खेळातील शिक्षणपद्धतीचा थोडक्यात विचार करावयाचा आहे.

बर्च, अ‍ॅनिस व लवंग यांपैकी एका तेलाचा वास लावलेला कापूस लपवून ठेवतात. शोध चार प्रकारचा असतो : खोक्यांची रांग, खोली, मोकळे आवार आणि वाहने. कापूस कोठे आहे हे कुत्र्याबरोबरच्या माणसाला ठाऊक नसते. कुत्र्याला वास सापडला अशी खात्री होताच तो 'अलर्ट' असे म्हणतो आणि परीक्षक होय किंवा नाही एवढेच सांगतो.

शिक्षणाचा आरंभ तेलापासून होत नाही. प्रथम अनेक खोक्यांपैकी एकात खाऊ ठेवतात व कुत्र्याला मोकळे सोडतात. हुकूम नाही, दटावणी नाही. शोधण्याची गोडी लागली की खाऊशेजारी तेलाचा वास ठेवतात; शेवटी वास एकटाच उरतो. बक्षीस मात्र वासाच्या जागीच द्यावयाचे. नाहीतर कुत्रा वास सोडून मालकाच्या खिशाकडे पाहू लागतो.

माणसालाही शिकावे लागते. वास वाऱ्याबरोबर सरकतो, कोपऱ्यात साचतो. म्हणून वारा कोठून येतो हे त्याने आधी पाहावे. दोर सैल ठेवावा. मान झटकन वळणे, उघडे तोंड मिटणे, शेपटीची चाल बदलणे या खुणा वाचाव्यात, पण स्वतः कोणतीही खूण देऊ नये.

ही शेवटची अट सर्वांत कठीण आहे. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातील लिसा लिट व सहकाऱ्यांनी १८ प्रशिक्षित जोड्यांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. जागेत लपविलेले काहीही नव्हते. मात्र काही ठिकाणी लाल कागद असून तो वासाची जागा दाखवितो, असे माणसांना सांगितले होते. तरीही बहुसंख्य शोधांत 'सापडले' असे कळविण्यात आले आणि कागद होता तेथे अधिक वेळा. माणसाचा समज शोधाच्या निकालात उतरला होता.

खेळात अशा चुकीने गुण जातात. पोलिसांच्या कामात मात्र कुत्र्याच्या खुणेवरून एखाद्या निरपराध माणसाची झडती होऊ शकते. म्हणूनच जागा माणसालाही ठाऊक नाही आणि कधी काहीच लपविलेले नाही, असा सराव आवश्यक ठरतो.

आम्हां विद्यार्थ्यांनाही यातून घेण्यासारखे आहे. शिकविणाऱ्याचा चेहरा पाहून दिलेले उत्तर बरोबर आले, तरी ते आपले नसते. माझ्यासारख्या, घरात पहिल्यांदाच महाविद्यालयाची पायरी चढलेल्या मुलाला असा चेहरा वाचण्याचा मोह फार होतो. शिक्षकांनी दोर थोडा सैल ठेवावा, आणि आम्ही स्वतः शोधावे.