आधी नोंद, मग नेट: जेटीवरच्या लिनक्स नेटबुकला मोबाइल इंटरनेट कसं जोडायचं



1 जून ते 31 जुलै बंदीचे दिवस. जाळी दुरुस्त होतायत, इंजिनं उघडलीयत. याच दिवसांत आम्ही जेटीवरचा छोटा नेटबुकही नीट करून घेतला. जे शिकलो ते इथं लिहितो, कारण गेल्या मोसमात याच यंत्रानं आमची फजिती केली होती.

झालं असं. संध्याकाळी बोटी एकामागोमाग एक लागत होत्या. काट्यावरचं वजन आम्ही थेट ऑनलाइन तक्त्यात भरत होतो. मध्येच नेट एकदम मंद झालं. दिवसाचा डेटा संपला होता. तक्ता पुन्हा उघडला तर शेवटच्या काही बोटींच्या ओळी गायब! दुसऱ्या दिवशी एक तांडेल येऊन विचारतो, "माझे क्रेट कुठं गेले?" काट्यावरच्या चिठ्ठ्या जपून ठेवल्या होत्या म्हणून हिशेब जुळला, पण पैसे एक दिवस उशिरा मिळाले. डेटा खाल्ला कोणी? नेटबुकनंच. आम्ही नोंदी भरत असताना मागच्या मागे तो अपडेट उतरवून घेत होता. चूक आमचीच, सेटिंग बघितलंच नव्हतं.

यंत्र कसं आहे

आमचा नेटबुक जुना आहे. दहा इंची पडदा, अ‍ॅटम प्रोसेसर, 2 जीबी रॅम. नव्या विंडोजचा भार त्याला झेपत नाही. त्यावर डेबियन 12 आणि एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे. प्रोसेसर 32 बिटचा असेल तरी डेबियन 12 चालतं.

पहिला मार्ग: फोन आणि केबल

सगळ्यात सोपा आणि भरवशाचा. अँड्रॉइड फोन केबलनं नेटबुकला जोडा. फोनच्या सेटिंगमध्ये हॉटस्पॉट आणि टेदरिंग उघडून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला वेगळा ड्रायव्हर लागत नाही. फोन वायरच्या नेटवर्कसारखा दिसतो आणि आपोआप जोडला जातो.

टेदरिंगचं बटण फिकट दिसलं, दाबलं जात नसेल, तर आधी केबल बदला. बऱ्याच स्वस्त केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यातून डेटा जात नाही. आणि केबल एकदा निघाली की टेदरिंग बंद होतं, ते परत चालू करावं लागतं.

वायफाय हॉटस्पॉटही चालतो, पण त्यात फोनची बॅटरी झपाट्यानं उतरते. केबलनं फोन उलट चार्ज होत राहतो. मात्र तो नेटबुकच्या बॅटरीवर, हे लक्षात ठेवा.

दुसरा मार्ग: डोंगल

फोन सतत अडकवून ठेवायचा नसेल तर डोंगल. पण घेण्याआधी बघा की तो 4जीचा आहे का. जिओचं नेटवर्क 3जीवर चालतच नाही आणि एअरटेलनंही 3जी बंद केलंय. कपाटात पडलेला जुना 3जी डोंगल बहुधा कामाचा नाही.

डोंगल लावल्यावर तो आधी सीडीसारखा दिसतो, कारण त्यात विंडोजचं सॉफ्टवेअर भरलेलं असतं. त्याला मोडेम बनवण्याचं काम 'यूएसबी-मोडस्विच' करतं. सोबत 'मोडेममॅनेजर' लागतो. ही दोन्ही पॅकेजेस ऑफिसात बसूनच घालून ठेवा. जेटीवर नेट नसताना नेटसाठीचं पॅकेज कुठून उतरवणार?

मग कोपऱ्यातल्या नेटवर्कच्या चिन्हावरून नवं 'मोबाइल ब्रॉडबँड' कनेक्शन बनवा. देश भारत, मग आपली कंपनी निवडा. एपीएन विचारला तर जिओला 'जिओनेट', बीएसएनएलला 'बीएसएनएलनेट' (इंग्रजी लहान अक्षरांत, मध्ये जागा न सोडता). नाव आणि पासवर्ड रिकामे ठेवा. सिमला पिन असेल तर ते सिम आधी फोनमध्ये घालून पिन काढून टाका.

काही डोंगल स्वतःच राउटरसारखे वागतात. त्यांना वरचं काही लागत नाही. वायरच्या नेटवर्कसारखे दिसतात आणि त्यांची सेटिंगं ब्राउझरमध्ये उघडतात. हुआवेच्या अशा अनेक डोंगलांचा पत्ता 192.168.8.1 असतो.

डोंगल मध्येच तुटत असेल तर वीज कमी पडत असेल. रेंज कमी असली की डोंगल जास्त वीज ओढतो. दुसऱ्या पोर्टात लावून बघा.

रेंज

पत्र्याच्या शेडखाली रेंज अडते. नेटबुक हलवू नका, डोंगल हलवा. मीटरभराची यूएसबी एक्स्टेन्शन केबल घ्या आणि डोंगल शेडच्या कडेला, उंचावर टांगा. पावसापासून आणि खाऱ्या पाण्याच्या तुषारांपासून मात्र झाकून.

डेटा वाचवा

कनेक्शनच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड' हा पर्याय असेल तर 'होय' करा. पण त्यावरच विसंबू नका. आपोआप अपडेट बंद करा आणि आठवड्यातून एकदा ऑफिसच्या वायफायवर हातानं अपडेट करा. अपडेट कायमचं सोडून द्यायचं नाही, सुरक्षेसाठी ते लागतंच.

वहीच्या पानाचा फोटो पाठवला तर दोन-चार एमबी जातात. त्याच नोंदींची लिब्रेऑफिसची फाइल थोड्या केबीत मावते. मंद नेटवरही ती निघून जाते.

आणि मुख्य गोष्ट

आता आम्ही ऑनलाइन तक्त्यात थेट लिहीत नाही. नोंद आधी नेटबुकवरच्या फाइलमध्ये. दर बोटीनंतर सेव्ह. शेवटची बोट रिकामी झाली की पेनड्राइव्हवर एक प्रत, आणि मग नेट जोडून फाइल ऑफिसला. नेट नसेल तर पेनड्राइव्ह ऑफिसात पोचतो. नेटमुळे एखाद्या दिवशी उशीर होईल, पण कोणाचा क्रेट हरवणार नाही. काट्यावरच्या चिठ्ठ्याही हिशेब होईपर्यंत फेकायच्या नाहीत.

सकाळी नेट जोडलेलं असलं की हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेची मासळीच्या संभाव्य क्षेत्रांची सूचनाही बघून तांडेलांना सांगता येते. समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य उपग्रहांवरून बघून ती काढतात. दाट ढग असले की ती मिळत नाही, बंदीच्या काळातही नसते.

एक मात्र विसरू नका. हे सगळं जेटीवरचं काम. किनाऱ्यापासून दूर गेलं की मोबाइलची रेंज संपते. समुद्रात जीव वाचवायला व्हीएचएफचं चॅनेल 16. मोबाइल लागत असेल तर तटरक्षक दलाचा 1554. हे दोन आकडे प्रत्येक बोटीवर रंगवून ठेवा.

1 ऑगस्टला बोटी सुटायच्या आधी एकदा जेटीवर बसून सगळं जोडून बघा. ज्यांना जमत नसेल त्यांनी नेटबुक, फोन आणि केबल घेऊन ऑफिसात या. बसून करून देऊ.