बिल्ला घे, पण आधी नाव विचार

काल रात्री साडेदहाला तुझा फोटो आला. पुण्याच्या जुन्या बाजारातला मराठा पलटणीचा, बिगुल आणि मुकुटाचा पितळी बिल्ला तळहातावर, आणि खाली तुझा प्रश्न, "अक्का, अठराशेला घेतला. फसले का गं?" मी चष्मा शोधेपर्यंत ह्यांनी फोन हातात घेतला आणि म्हणाले, एवढ्यात अर्धं पोतं ज्वारी आली असती. त्यांचं सोड. मी रात्रभर तुझ्याशी मनातल्या मनात बोलत होते, म्हणून सकाळी भाकऱ्या उरकल्या आणि लिहायलाच बसले. फोनवर तू मला पुरतं बोलू देत नाहीस.

बिल्ल्यात फसली नसावीस. तरी पाठीमागून एक फोटो पाठव. जुने बिल्ले पातळ पत्र्यावर ठसा मारून काढायचे, म्हणून समोर जे उंच तेच मागे खोलगट दिसतं. हल्ली ओतून केलेले असतात. त्यांची पाठ सपाट किंवा पुरळ आल्यासारखी, नि बिगुलाच्या दोऱ्या पाघळलेल्या मेणासारख्या. मुकुटाचं म्हणशील तर तुझ्या बिल्ल्यावरचा वरून गोल आहे, म्हणजे राजाच्या काळातला. राणी व्हिक्टोरियाच्या मुकुटाला मधे खळगा असतो. आणि 'मराठा'च्या इंग्रजी स्पेलिंगात आरच्या आधी एच आहे, तेही जुन्या पद्धतीला धरूनच.

पण तुला हवंय लढाईच्या आधीचं, १९३९ च्या आधीच्या लष्करी शाळांचं आणि रंगरुटीचं सामान. तोच गोल मुकुट लढाईतही होता आणि १९४७ पर्यंतही. नुसत्या बिल्ल्यावरून तो १९३२ चा की १९४४ चा, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. ते सांगतो कागद, नाहीतर माणूस. म्हणून मी तुला एवढंच विचारलं, "कुणाचा गं?" तर तू लिहिलंस, "दुकानदाराला काय माहीत!" तिथे मला वाईट वाटलं. अठराशे गेल्याचं नाही.

आमच्या माळ्यावरची काळी पत्र्याची ट्रंक आठवते का? माझ्या लग्नात तुझे परकर-पोलके ठेवायला काढली होती ती. ती ह्यांच्या आजोबांची. झाकणावर पांढऱ्या रंगात एक नंबर आहे आणि पुढे १०/५. कितीतरी वर्षं आम्ही ती तारीख समजत होतो, दहा मे. आमचे मामंजी तर दर दहा मेला बापाच्या फोटोला हार घालायचे! पुढे एका निवृत्त सुभेदारांनी उलगडा केला. १९२२ मध्ये जुन्या मराठा पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री बांधली. पूर्वीची १०३ वी झाली १/५, तिला जंगी पलटण म्हणतात. १०५ वी झाली २/५, म्हणजे काळी पाचवी. आणि जुन्या ११४ व्या पलटणीची झाली १०/५, ती बेळगावला रंगरुटांना शिकवणारी पलटण. म्हणजे ही ट्रंक आजेसासऱ्यांच्या रंगरुटीतल्या पहिल्या दिवसांची. तू शोधतेस ते हेच की. तरी मामंजींचा हार आम्ही शेवटपर्यंत थांबवला नाही, कशाला उगीच.

आजेसासरे होटगीहूनच गेले असं सासूबाई सांगायच्या. तेव्हा इथून विजापूर-गदगकडे मीटरगेजची गाडी सुटायची, पुढे हुबळीवरून बेळगाव. आता स्टेशनाभोवती सिमेंटची धूळ आणि वीजकेंद्राच्या चिमण्या, पण मी फलाटावर उभी राहिले की डोक्यावर वळकटी घेतलेला एक अठरा वर्षांचा पोरगा मला दिसतोच. त्याला घरी कानडी-मराठी मिसळून येत होतं, आणि तिथे गेल्यावर शिकवलं काय, तर रोमन उर्दू.

हे ऐक, हे तुला कुठला दुकानदार सांगायचा नाही. ट्रंकेत एक पातळ पुस्तक होतं. अक्षरं सगळी इंग्रजी, पण इंग्रजी शिकलेल्या कुणालाही अर्थ लागेना. मामंजींनी ठरवून टाकलं होतं की ही लष्कराची गुप्त भाषा. मी एकदा धुण्याच्या दगडावर बसून मोठ्याने वाचायला लागले, आणि तोंडातून चक्क हिंदुस्तानी बाहेर पडली, आगे बढ़ो, दाहिने मुड़ो अशा थाटाची. पंजाबी, मराठा, गढवाली सगळ्यांना एकच भाषा यावी म्हणून इंग्रजांनी हिंदी पलटणींत इंग्रजी अक्षरांतली उर्दू चालवली होती. त्यातच परीक्षा व्हायच्या, आणि बढतीला त्यांचे दाखले लागायचे. ह्या पुस्तकाच्या समासात आजेसासऱ्यांनी मोडीत काहीबाही लिहून ठेवलंय. एका पानावर नुसत्या बेरजा आहेत, घरी किती धाडले त्याच्या असाव्यात. असं पुस्तक रद्दीत दिसलं तर लोक 'भलतंच इंग्रजी' म्हणून टाकून देतात. तू बिल्ले सोड आणि ही पुस्तकं धर. बिल्ले सगळेच जमवतात.

आता माझं पाप सांगते. ह्यांच्या आजोबांचा पलटणीतून सुटल्याचा दाखला होता. त्यावर उंची, छातीचं माप, अंगावरची खूण, वर्तणुकीचा शेरा आणि खाली अंगठा. घड्या फाटायला आल्या म्हणून २०११ मध्ये मी तो सोलापूरला एका झेरॉक्सच्या दुकानात नेऊन लॅमिनेट केला. वाटलं, आता जन्माची काळजी मिटली. यंत्रातून बाहेर आला तेव्हा जांभळ्या शिक्क्याचा रंग पसरलेला, आणि घडीजवळ प्लास्टिकच्या आत बुडबुडा. तो बुडबुडा बरोबर आडनावावर. आता ते प्लास्टिक काढायला गेलं तर कागदच सुटून येतो. अंगठा दिसतो, पण त्यावरून बोट फिरवता येत नाही. तू हसशील, पण मी महिन्यातून एकदा तरी तो काढून बघते आणि स्वतःला चार शिव्या घालते. तुला हात जोडते, लॅमिनेशन नाही, चिकटपट्टी नाही, स्टेपलर नाही.

आणि पितांबरी नाही! तुझा हात शिवशिवतोय, ओळखते मी तुला. चिंच लावून लखलखीत करशील आणि मला फोटो पाठवशील. अगं, तो बिल्ला झिजलाय तो त्या शिपायाच्याच हाताने. परेडच्या आधी रोज सकाळी घासायचा, मुकुटाच्या कडा त्यानेच गुळगुळीत केल्या. त्याने घासलं ते त्याचं. वर तू घासलंस की दोन्ही पुसलं जातं. मऊ सुती फडक्याने धूळ झटक, बस्स.

शाळांचं विचारलं होतंस. तिकडचा माल कमी आणि भाव जास्त. डेहराडूनचं प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेज १९२२ चं, सँडहर्स्टला जाणारी पोरं तयार करायला काढलेलं. आपले जनरल बेवूर तिथलेच. मग १९३२ ला तिथेच लष्करी अकादमी निघाली, पहिल्या तुकडीत चाळीस जण. आपल्याकडे पुण्यात श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूल, तेही १९३२ चं, आणि नाशिकला डॉ. मुंजे यांचं भोसला मिलिटरी स्कूल, १९३७ चं. मुंजे डोळ्यांचे डॉक्टर, बोअर युद्धात जाऊन आलेले. लष्करी कॉलेजाचा आराखडा करणाऱ्या १९३१ च्या चेटवुड समितीतही होते. त्याच वर्षी ते इटलीला जाऊन मुसोलिनीला भेटले, तिथल्या पोरांची कवायत पाहून भारावले. हेही वहीत लिहायचं. नाशिकच्या शाळेची फीची पावती मिळाली की काही लोक त्याभोवती पोवाडा रचतात, काही जण इटलीपुढे बोलतच नाहीत. तू दोन्ही करू नको. संग्रह करणारीने वस्तूची वकिली करू नये.

शाळेचा ग्रुप फोटो मिळाला तर आधी फोटोकडे नाही, त्याच्या पुठ्ठ्याकडे बघ. खालच्या पट्टीवर ओळीने नावं असतात, डावीकडून उजवीकडे, आणि कोपऱ्यात फोटोग्राफरचा दाबून उठवलेला शिक्का. फ्रेमवाले काचेचे पैसे वाचवायला नेमकी तीच पट्टी कापतात. मग राहतात पगडी-फेट्यातली चाळीस अनोळखी पोरं. मी असा कापलेला फोटो फुकट दिला तरी घेणार नाही. बरं, घेईन, पण मन लागणार नाही.

आणि एक. लष्करी शाळा म्हटलं की तुझ्या डोळ्यांपुढे घोड्यावरचे राजपुत्र येतात. त्याच्याही कितीतरी आधी पलटणीतच शाळा होत्या, शिपायांच्या आणि त्यांच्या पोराबाळांच्या, मुलीसुद्धा शिकायच्या. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी अशाच शाळेचे हेडमास्तर होते, म्हणून तर बाबासाहेबांचा जन्म महूच्या छावणीत. गावच्या शाळेत ज्यांना दारात उभं करत नव्हते त्यांच्या घरात पाटी-पुस्तक आलं ते पलटणीतून. पुढे १८९० नंतर महारांची भरतीच बंद केली. १९१७ ला गरज पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभारली आणि १९२१ ला मोडली. अशा घरातलं एखादं अंकलिपीचं पान हातात आलं तर त्याच्यापुढे डेहराडूनचा टाय ठेवून बघ, तुझं तुलाच कळेल काय जड आहे.

अशा एखाद्या शिपायाच्या घरी जाशील तेव्हा कसं जायचं ते सांगते, कारण तू पुण्याची झालीस. "जुनं काही आहे का विकायला?" हे वाक्य तोंडातून काढायचं नाही. पहिल्या भेटीत काहीच घ्यायचं नाही. चहा घ्यायचा, शेंगाची चटणी दिली तर खायची, आणि "घरातलं कोण लामावर गेलं होतं?" म्हणजे लढाईवर, एवढं विचारायचं. म्हाताऱ्या बायकांना विचार, पुरुषांना पलटण आठवते, बायकांना ट्रंक कुठंय ते आठवतं. पलीकडच्या वाडीतल्या एका आजींकडे मी तीनदा गेले. तिसऱ्या वेळी त्यांनी सांगितलं, सासऱ्यांचं पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक बहात्तरच्या दुष्काळात सराफाकडे वजनावर दिलं. त्या पदकाच्या कडेवर शिपायाचा नंबर, नाव, पलटण कोरलेली असते. ती कड वितळली. आजींकडे उरली होती फक्त फीत, नातवाच्या जावळाच्या टोपडीला शिवलेली. मी फीत मागितली नाही. वहीत लिहून घेतलं, टोपडीचा फोटो काढला, आणि येताना त्यांनी मला वाटीभर हुलगे दिले.

कुणी देतोच म्हटलं तर आधी फोटो काढून, नाव-गाव-साल, कुणी सांगितलं ते सगळं लिहून घे, आणि त्याची एक प्रत त्या घरी ठेव. एका माणसाचं सामान फोडू नको. तुला दाखला हवा आणि दुसऱ्याला बटणं, म्हणून वाटणी करणारे व्यापारी असतात, त्यांना उंबऱ्याशीच थांबव.

संगीन नको हं घरात. नऊ इंचांहून लांब पात्याला शस्त्रकायदा लागतो. आणि काडतूस तर रिकामं दिसलं तरी हात लावायचा नाही, पोलीस पाटलाला सांगायचं. पंचाहत्तर वर्षांपुढचे ऐतिहासिक कागद, शंभर वर्षांपुढच्या वस्तू परवान्याशिवाय देशाबाहेर जात नाहीत. तेव्हा तुझ्या त्या अमेरिकेतल्या मैत्रिणीला कुरिअरने 'सरप्राइज' पाठवू नको.

तर अठराशेच्या बिल्ल्याचं असं. रविवारी परत जुन्या बाजारात जा, त्या दुकानदाराला विचार की बिल्ला ज्या पोत्यातून निघाला ते कुठून आलं. गाव तरी सांगेल. सातारकडचं निघालं तर सोपं. तिकडे अपशिंगे गावाला अपशिंगे मिलिटरीच म्हणतात, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. कितीतरी गावांत चावडीच्या नाहीतर शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी असते, किती गेले आणि किती आले नाहीत त्याची. बिल्ला घेऊन त्या पाटीपुढे उभी राहा. कुणीतरी विचारतंच, कुणाची गं तू?

आमची ट्रंक सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला आलीस की खाली काढू. त्यातली मोडी वाचायची राहिलीय, आणि बेरजांचं पान फाटायला लागलंय. येताना शिसपेन्सिल आण, बॉलपेन आणलंस तर दारातच काढून घेईन.

तुझी,
अक्का