प्रतिसृष्टीतील सहकार्य

विश्वामित्र ऋषींनी त्रिशंकूसाठी प्रतिसृष्टी निर्माण केल्याची कथा आपणांपैकी बहुतेकांनी आजीच्या तोंडून ऐकली असेल. त्यांच्यापाशी तपोबल होते. आज ते काम संगणक करतो. संगणकाच्या पडद्यावर डोंगर, रस्ते, वाडे, सभागृहे उभी राहतात आणि दूरदूरच्या गावी बसलेली माणसे तेथे एकाच वेळी वावरतात. अशा सृष्टीस ‘आभासी जग’ म्हणतात. कित्येक विद्यापीठांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून तेथे सामूहिक प्रकल्प करवून घेतले आहेत. ह्या प्रतिसृष्टीत मिळून काम करणे कितपत साधते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

ह्या कल्पनेचा उगमही एका विद्यापीठातच झाला. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात १९७८ साली रॉय ट्रबशॉ ह्या विद्यार्थ्याने असे एक जग रचण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल ह्या सहाध्यायाने ते पुढे वाढविले. त्यात चित्र नव्हते. सारे वर्णन केवळ शब्दांत असे. पुढे चित्रमय जगे आली. त्यांत वावरणाऱ्या मनुष्याकृतीला नाव मिळाले ते आपल्याच भाषेतील – ‘अवतार’! १९८६ च्या सुमारास ‘हॅबिटॅट’ नावाच्या अमेरिकन खेळात हा शब्द त्या अर्थाने योजला गेला आणि आता तो जगभर रूढ झाला आहे.

विद्यापीठांना विशेष आकर्षण वाटले ते ‘सेकंड लाइफ’ ह्या जगाचे. अमेरिकेतील लिंडन लॅब ह्या कंपनीने ते २००३ साली खुले केले. तेथील जमिनीचा एक विभाग २५६ मीटर लांब व तितकाच रुंद असतो; म्हणजे ६५,५३६ चौरस मीटर, सुमारे १६ एकर. अशी ‘बेटे’ विद्यापीठांनी भाड्याने घेतली. २००६ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या कायद्याच्या एका अभ्यासक्रमाचा काही भाग तेथे चालविला गेला. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी आपल्या आराखड्याची इमारत तेथे उभारून तिच्यातून हिंडू शकत. भाषेचे विद्यार्थी बाजाराचा देखावा मांडून परभाषेत व्यवहार करू शकत.

परंतु चार जणांनी एकत्र येणे निराळे आणि चार जणांनी मिळून काम करणे निराळे. ‘बारभाईची शेती, काय लागेल हाती?’ ही म्हण आपल्या पूर्वजांनी उगीच केलेली नाही. मॅक्स रिंगेलमान ह्या फ्रेंच कृषि-अभियंत्याने माणसांकडून दोर ओढवून हीच गोष्ट मोजून पाहिली. १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आकड्यांनुसार एकट्या माणसाची ओढ १०० धरली, तर दोघे असता प्रत्येकाची ९३ भरते, तिघे असता ८५ आणि आठ जण असता केवळ ४९! ह्याचे एक कारण असे की, सर्वांची ओढ एकाच क्षणी व एकाच दिशेने लागत नाही. परंतु १९७९ साली लाताने, विल्यम्स व हार्किन्स ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी टाळ्या वाजविण्याचे व ओरडण्याचे प्रयोग करून दुसरेही कारण दाखविले: समूहात मनुष्य आपला प्रयत्नच आखडता घेतो. ह्याच तिघांनी १९८१ साली आणखी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. आपला वाटा वेगळा ओळखला जात आहे, असे प्रत्येकास कळले की ही चुकारी नाहीशी होते.

आभासी जगाचा खरा उपयोग येथे ध्यानी येतो. ‘सेकंड लाइफ’मधील प्रत्येक वस्तूवर तिच्या निर्मात्याचे नाव नोंदलेले असते. भिंत कोणी उभारली, खिडकी कोणी बसविली, हे प्राध्यापकांस विचारावे लागत नाही. वस्तूच ते सांगते. कागदावरील सामूहिक निबंधात कोणते वाक्य कोणाचे, हे ओळखणे कठीण. येथे मात्र आळशास लपण्यास फारशी जागा नाही.

तथापि, ह्या जगाचे नियम विद्यार्थ्यांची परीक्षाही पाहतात. एकाने केलेल्या वस्तूत त्याच्या अनुमतीवाचून दुसऱ्यास फेरफार करता येत नाही आणि भिन्न मालकांच्या दोन वस्तू जोडून एक करता येत नाहीत. समजा, छप्पर एकाचे आहे, खांब दुसऱ्याचे आहेत, आणि सादरीकरणाच्या आदल्या रात्री छप्पर सरकवावयाचे आहे. छपराचा मालक अनुमती न देताच निघून गेला असेल, तर बाकीच्यांनी करावे काय? म्हणून मालकी कोणाकडे राहील आणि अनुमती कोणास मिळेल, हे पहिल्याच दिवशी ठरविणे अगत्याचे असते.

ह्याहून सूक्ष्म अडचण न्यायाची आहे. विटेवर नाव उमटते ते ती रचणाऱ्याचे. चार ग्रंथ चाळून माहिती मिळविणारी, दोघांचे भांडण मिटविणारी, चुकलेले माप वेळीच दाखवून देणारी विद्यार्थिनी कोणत्या विटेवर सापडणार? केवळ नोंदी पाहून गुण दिले, तर ज्याचा हात संगणकावर चपळ चालतो तो कर्ता ठरेल आणि जिच्या विचारावर सारे उभे आहे ती निष्क्रिय ठरेल. यास्तव गटाने रोजच्या कामाची दैनंदिनी ठेवावी आणि कोणी काय सुचविले, कोणी काय सुधारले, हे तीत लिहावे. यंत्राला जे दिसत नाही ते माणसांनी नोंदविले पाहिजे.

आता एक निराळे उदाहरण पाहू. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे वर्ग बंद झाले. विद्यार्थी घरोघरी पांगले. पदवीदान समारंभ होणार नाही हे दिसताच आजी-माजी विद्यार्थ्यांनी ‘माइनक्राफ्ट’ ह्या खेळाच्या जगात आपले विद्यापीठ ठोकळ्या-ठोकळ्यांनी रचावयास घेतले. ह्या खेळातील ठोकळा एक मीटरचा मानतात. तेथील प्रसिद्ध घंटाघर ३०७ फूट उंच आहे. त्याच प्रमाणात ते रचावयाचे तर एकावर एक सुमारे ९४ ठोकळे चढवावे लागतील! अशा शंभराहून अधिक इमारती उभ्या राहिल्या आणि १६ मे २०२० रोजी तेथील क्रीडांगणात अवतारांचा समारंभ पार पडला. विद्यापीठाच्या कुलपतीही अवताररूपाने उपस्थित होत्या. त्याच वर्षी २३ ऑगस्ट रोजी मुंबईच्या आय.आय.टी.नेही स्नातकांच्या अवतारांना संचालकांच्या अवताराच्या हस्ते पदव्या दिल्या. तो समारंभ संस्थेने योजिला होता. बर्कलीचे नगर मात्र विद्यार्थ्यांनी स्वतः रचले. ‘माइनक्राफ्ट’मध्ये ठोकळ्याकडे पाहून तो कोणी रचला हे कळत नाही, त्या कामास गुणही नव्हते. तरीही ते तडीस गेले. काम मनापासून आपले वाटले म्हणजे नावाची नोंद गौण ठरते, हाच ह्याचा अर्थ.

एक सावधगिरीची सूचना. प्रतिसृष्टीतील जमीन भाड्याची असते. ‘सेकंड लाइफ’मध्ये शिक्षणसंस्थांना मिळणारी निम्म्या भाड्याची सवलत २०११ च्या आरंभापासून बंद झाली, तेव्हा अनेक विद्यापीठांनी तेथून बस्तान हलविले. २०१३ मध्ये सवलत पुन्हा सुरू झाली, तरी गेलेले सगळेच परतले नाहीत. म्हणून आराखडे, चित्रे व दैनंदिनी आपल्यापाशी जपून ठेवावी. नाही तर साऱ्या परिश्रमांचा त्रिशंकू व्हावयाचा!

विद्यार्थी मित्रहो, तुम्ही अद्याप विद्यापीठाच्या उंबरठ्यावर पोहोचला नाहीत. परंतु स्नेहसंमेलनाचा रंगमंच, विज्ञान-प्रदर्शनातील प्रतिकृती, हस्तलिखिताचा अंक, हे सारे सामूहिक प्रकल्पच होत. तेथेही कामाची वाटणी आधी ठरवा, आपल्या वस्तूला हात लावण्याची मुभा सोबत्यांना द्या, आणि ज्याचे काम डोळ्यांना दिसत नाही त्याचे नाव आठवणीने घ्या. ही सवय आज अंगी बाणली, तर उद्या कोणत्याही सृष्टीत गेलात तरी तुमच्या गटाचा दोर सैल पडणार नाही.