वऱ्हाड : भूमीचे तीन पट्टे आणि शासनाच्या सीमा

अमरावती, अकोला, वाशीम, बुलढाणा व यवतमाळ हे पाच जिल्हे मिळून स्थूलमानाने जुना वऱ्हाड प्रांत होतो. उत्तरेस सातपुडा, पूर्वेस वर्धा नदी, दक्षिणेस बव्हंशी पैनगंगा आणि पश्चिमेस खानदेश अशा त्याच्या चतुःसीमा आहेत. गेल्या पाचशे वर्षांत या प्रदेशावर अनेक सत्ता आल्या व प्रत्येक सत्तेने आपल्या सोयीनुसार त्याचे विभाग पाडले. भूमीची नैसर्गिक विभागणी मात्र कायम राहिली. या दोन विभागण्या जेथे परस्परांशी जुळत नाहीत, तेथे विकासाच्या कामात अडचणी उभ्या राहतात. म्हणून दोहोंची ओळख एकत्र करून घेणे उपयुक्त ठरते.

भूरचना

वऱ्हाडचे उत्तर-दक्षिण असे तीन पट्टे पडतात. पहिला मेळघाट. सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील हा डोंगराळ व वनाच्छादित भाग असून येथे कोरकू आदिवासींची वस्ती आहे. सिपना, गडगा, खापरा या येथील नद्या तापीला मिळतात.

दुसरा पट्टा पयनघाटाचा, म्हणजे घाटाखालच्या पूर्णा खोऱ्याचा. पूर्णा नदी मध्य प्रदेशातील बैतुल जिल्ह्यात उगम पावते, पश्चिमेकडे वाहत जाते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापीस मिळते. या खोऱ्यातील खोल, काळ्या जमिनीने वऱ्हाडास कापसाचा प्रांत म्हणून लौकिक मिळवून दिला.

तिसरा पट्टा बालाघाटाचा. अजिंठ्याच्या रांगेपासून पूर्वेकडे पसरलेले हे पठार तापी व गोदावरी या दोन खोऱ्यांतील जलविभाजक आहे. काटेपूर्णा, मोर्णा या नद्या येथून उत्तरेस पूर्णेकडे वाहतात, तर दक्षिण उताराचे पाणी पैनगंगेस जाते. बुलढाणा जिल्ह्यात आजही ‘घाटावरचे’ आणि ‘घाटाखालचे’ तालुके असा भेद बोलण्यात रूढ आहे. चिखली, मेहकर, लोणार हे घाटावरचे. मलकापूर, शेगाव, नांदुरा हे घाटाखालचे. एका जिल्ह्याच्या पोटात दोन निराळे प्रदेश नांदतात, याची ही लोकमान्य नोंदच होय.

सत्तांतरे आणि सीमा

बहमनी राज्याचे विघटन होत असता १४९० मध्ये फतहुल्ला इमादउल्मुल्क याने एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, येथे इमादशाही स्थापन केली. १५७४ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीने ती जिंकली आणि १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला. मोगल सुभ्याचा विस्तार आजच्यापेक्षा मोठा होता. परभणी जिल्ह्यातील पाथरीही त्यात मोडत असे.

१८०३ मध्ये अडगाव व गाविलगड येथील पराभवानंतर नागपूरकर भोसल्यांनी देवगावच्या तहान्वये वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला व तो निजामाकडे गेला. वर्धा नदी ही वऱ्हाडची पूर्व सीमा ठरली ती याच घडामोडींतून. पुढे हैदराबादच्या तैनाती फौजेच्या खर्चापोटी १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या स्वाधीन केला. १९०२ मध्ये वार्षिक २५ लक्ष रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने घेण्यात आला आणि १९०३ मध्ये मध्य प्रांतास जोडण्यात आला.

इंग्रजी अमलात वऱ्हाडचे सहा जिल्हे झाले होते. १९०५ मध्ये ते चार करण्यात आले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत विलीन झाला. वाशीम जिल्हा मोडून वाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्यास, तर पुसद तालुका यवतमाळला देण्यात आला. यामुळे अकोला जिल्ह्यात घाटावरचा व घाटाखालचा असे दोन्ही भाग आले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी वऱ्हाड द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा अस्तित्वात आला. पुसद मात्र यवतमाळमध्येच राहिले.

जमीनव्यवस्था आणि बाजार

वऱ्हाडात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी पद्धतीने भूमापन व जमाबंदी झाली. सरकारशी खातेदाराचा थेट संबंध राहिला. वर्धेपलीकडे नागपूर भागात मालगुजारी होती व ती १९५१ मध्ये संपुष्टात आली. एकाच विदर्भातील जुन्या महसुली कागदपत्रांत आढळणाऱ्या फरकाचे मूळ येथे आहे.

१८६७ मध्ये मुंबईहून निघालेला लोहमार्ग पूर्णा खोऱ्यातून नागपूरपर्यंत पोहोचला. मलकापूर, शेगाव, अकोला, बडनेरा ही स्थानके त्याच मार्गावरील आहेत. कापसाचा व्यापार वाढला, तसा व्यवहारावर नियंत्रणाचा प्रश्न आला. कारंजा येथे १८८६ मध्ये देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारासाठी वऱ्हाडपुरता स्वतंत्र कायदा झाला.

खारपाणपट्टा

भूमी आणि सीमा यांतील विसंगती सर्वाधिक जाणवते ती खारपाणपट्ट्यात. पूर्णेच्या दोन्ही अंगांस अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यातील भूजल खारे आहे. विहीर खोदली तरी तिचे पाणी पिण्यास चालत नाही व ओलितासही चालत नाही. जमीन चिकण व सोडियमयुक्त असल्याने पाण्याचा निचरा होत नाही. पावसाळ्यात शेत चिबडते आणि पाऊस उघडल्यावर तेच शेत भेगाळते. त्यामुळे येथील शेतकरी प्रामुख्याने पावसाच्या पाण्यावर अवलंबून आहे.

जिल्ह्याच्या सरासरीत ही स्थिती दडून जाते. अकोला जिल्ह्याचे पर्जन्यमान पाहून तेथे विहिरींची योजना आखली, तर पट्ट्याबाहेरील गावास तिचा लाभ होईल. पट्ट्यातील गावाच्या पदरी खारे पाणी येईल. या गावांना पावसाचे गोडे पाणी साठविणारी शेततळी, निचऱ्याचे चर आणि बाहेरच्या धरणांतून आणलेले पिण्याचे पाणी हेच उपाय मानवतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वान नदीवर बांधलेल्या धरणाचे पाणी खारपाणपट्ट्यातील खेड्यांना पुरविण्यात येते, ते याच कारणाने. २०१८ मध्ये जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पातही पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या गावांची निवड स्वतंत्रपणे करण्यात आली. जिल्ह्याची हद्द बाजूस ठेवून भूमीच्या पट्ट्यानुसार नियोजन कसे करावे, याचे हे उदाहरण आहे.

जिल्हा ही कारभाराची आवश्यक चौकट आहे. निधी, नोंदी व जबाबदारी तिच्यातूनच निश्चित होते. मात्र ग्रामपंचायतीने आपला आराखडा करताना, तसेच शिक्षकाने परिसराचा भूगोल शिकविताना, गाव कोणत्या तालुक्यात आहे यासोबत ते कोणत्या पट्ट्यात आहे, त्याचे पाणी कोणत्या नदीस मिळते आणि त्याच्या विहिरीचे पाणी गोडे की खारे, याचीही नोंद घ्यावयास हवी. वऱ्हाडात शासनाच्या सीमा अनेकदा बदलल्या. जमिनीने व पाण्याने घातलेल्या सीमा मात्र आजही तेथेच आहेत.