मोबाईलच्या वेशीवरील नाका

पूर्वी शहराच्या वेशीवर जकात नाका असे. गाडी शेतकऱ्याची, बैल त्याचे, मालही त्याचाच. तरी पावती फाडल्यावाचून गाडी आत जात नसे. मोबाईलवर ॲप कसे येते हे वरच्या वर्गांतील मुलांस समजावून देताना शिक्षकांनी या नाक्यापासूनच आरंभ करावा.

अमेरिकेत हा प्रश्न मोबाईलच्या फार आधी निघाला. टेक्ससमधील टॉमस कार्टर यांनी बिनतारी संच दूरध्वनीस जोडून देणारे एक साधन तयार केले. आपल्या तारांना परके साधन लागता कामा नये, असा ए. टी. अँड टी. कंपनीचा हट्ट होता. १९६८ साली तेथील संघीय दळणवळण आयोगाने कार्टर यांच्या बाजूने निर्णय दिला. जाळ्यास अपाय होत नसेल, तर ग्राहकाने आपले साधन खुशाल जोडावे, असे ठरले.

मोबाईल आला तेव्हा या तत्त्वाचा जणू विसर पडला. फोनवर कोणते खेळ, कोणत्या सोयी असाव्यात हे बहुधा जाळे चालविणारी कंपनीच ठरवी. जुलै २००८ मध्ये ॲपलने सुमारे ५०० ॲपांनिशी आपले दुकान उघडले आणि नाक्याची किल्ली दुसऱ्या हाती गेली. ॲपलच्या मान्यतेची सांकेतिक मुद्रा नसेल, तर त्या फोनवर ॲप चालतच नाही. विक्रीतून शेकडा ३० हिस्सा तेव्हा ॲपलचा असे. कारागिरास घरोघर गिऱ्हाईक मिळाले, हेही खरे.

पण जुना नाकेदार गेला नव्हता. २००९ साली गूगलचे ‘गूगल व्हॉइस’ हे ॲप दुकानाबाहेर राहिले. त्यातून परदेशी स्वस्तात बोलता येई. आयोगाने तिन्ही कंपन्यांकडे विचारणा केली. ॲपलचे म्हणणे, ॲप नाकारलेले नाही, विचाराधीन आहे, गूगलचे म्हणणे, नाकारले, ए. टी. अँड टी. म्हणे, आमचा यात हात नाही. मात्र त्या कंपनीच्या जाळ्यावरून इंटरनेटद्वारे बोलण्याची सोय परस्पर द्यावयाची नाही, असा करार होता, हे ॲपलच्या उत्तरातून उघड झाले. ते ॲप नोव्हेंबर २०१० मध्ये दुकानात आले.

व्हेरायझन कंपनीची गोष्ट अधिक बोलकी आहे. ग्राहकांची ॲपे अडविणार नाही, या अटीवर तिने २००८ च्या लिलावात लहरी घेतल्या होत्या. फोनचे इंटरनेट संगणकास पुरविणारी ११ ॲपे दुकानातून दिसेनाशी करावीत, असे तिने सांगितल्याचे प्रकरण पुढे निघाले. त्याच सोयीचे ती दरमहा २० डॉलर जादा घेत होती. २०१२ साली तिने १२ लाख ५० हजार डॉलर भरून प्रकरण मिटविले.

नाकेदार चोरालाही अडवितो, हे मुलांस सांगण्यास विसरू नये. अँड्रॉइड फोनवर दुकानाबाहेरचे ॲप घेता येते, पण त्यासाठी वेगळी परवानगी चालू करावी लागते; भामटे लोकांकडून नेमके तेच करवून घेतात. अडचण एवढीच की, राखण आणि वसुली एकाच हाती आहे.

१ मार्च २०२४ रोजी शुल्काच्या वादातून गूगलने काही भारतीय कंपन्यांची ॲपे दुकानातून काढली. नोकरी शोधण्याची, विवाह जुळविण्याची ॲपे त्यांत होती. सरकारने मध्यस्थी केली, तेव्हा काही दिवसांत ती परत आली. हा प्रसंग सांगून झाल्यावर वर्गास विचारावे: नाकेदाराने गाडी अडविली, तर शेतकऱ्याने दाद कोणाकडे मागावी?