नळीतलं दूध वाया जात नाही

चि. मुग्धास,

हॉस्पिटलने संशोधनासाठी तुझ्या दुधाचे नमुने मागितले आणि घरात दोन तट पडले, हे कळलं. सासूबाई म्हणतात, द्यायचंच तर दूधपेढीला दे, एखाद्या बाळाच्या पोटात तरी जाईल. काचेच्या नळीत घालून काय मिळणार? प्रश्न रास्त आहे. पण दूधपेढीसुद्धा त्या नळीवरच उभी आहे. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. पेढीतलं दूध ६२.५ अंशांवर तीस मिनिटं तापवतात. त्याने रोगजंतू मरतात, पण दुधातली काही संरक्षक द्रव्यंही कमी होतात. कोणती आणि किती, हे कुणीतरी दूध तपासायला दिलं म्हणूनच कळलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आज जे दूध नळीने पाजतात, त्यामागे अशा कितीतरी अनामिक आयांचे चमचे-दोन चमचे आहेत.

आणि आईच्या दुधाचं अजून पुष्कळ कळायचं आहे. त्यात दुग्धशर्करा आणि स्निग्धांश यांच्या खालोखाल एक वेगळाच शर्करांचा गट असतो. शंभराहून अधिक प्रकार, आणि बाळाला त्यातलं जवळजवळ काहीच पचत नाही. बाळंतिणीचं शरीर स्वतः झिजून बाळाला न पचणारं अन्न का बनवतं, या कोड्याने शास्त्रज्ञांना वर्षानुवर्षं गुंतवून ठेवलं. ते अन्न बाळाच्या आतड्यातल्या बायफिडो जातीच्या उपकारक जंतूंसाठी असतं, हे हळूहळू उलगडलं. बांगलादेशात अतितीव्र कुपोषित तान्ह्यांना असे जंतू देऊन पाहिले, तेव्हा त्यांचं वजन अधिक चांगलं वाढलं. मेळघाटातलं कुपोषण आठवलं की ही गोष्ट परकी वाटत नाही. शिवाय या शर्करा सगळ्या बायकांच्या दुधात सारख्या नसतात. काहींच्या दुधात त्यातल्या एका महत्त्वाच्या गटाचा जवळपास अभावच असतो, आणि ते जनुकांवर ठरतं. अमेरिकेतल्या आयांच्या दुधावरून आपल्या बायकांच्या दुधाचा हिशोब मांडता येणार नाही तो यामुळेच.

कोविडच्या लशीचं उदाहरण तर ताजं आहे. चाचण्यांमधून अंगावर पाजणाऱ्या आयांना वगळलं होतं, म्हणून जानेवारी २०२१ मध्ये आपल्याकडे लसीकरण सुरू झालं तेव्हा त्यांना लस मिळेना. ती मुभा मे महिन्यात आली. दरम्यान इस्राएलमधल्या ८४ आयांनी फायझरची लस घेतल्यावर आपल्या दुधाचे नमुने दिले आणि त्यांत कोविडविरोधी प्रतिपिंडं सापडली. स्तनदा मातांना संशोधनाबाहेर ठेवणं म्हणजे त्यांना जपणं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्यांच्या प्रश्नांना उत्तरच मिळत नाही.

बाळाचा घास काढून द्यायचा का, असं कुणी विचारेल. मुळीच नाही. बाळाचं पोट आधी. नमुना लागतो तो बहुधा चमचा-दोन चमचे. बाळाचं वजन नीट वाढत नसेल, तुला थकवा असेल, तर सरळ नाही म्हण. दृष्ट लागून पान्हा आटेल ही भीती मात्र मनातून काढ. पान्हा येतो तो स्तन रिकामे होण्यातून.

खरा आक्षेप मला वेगळाच दिसतो: व्यापाराचा. त्या शर्करांपैकी काही आता कारखान्यात तयार होऊन डब्याच्या दुधात पडतात. डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बंदी आहे, आईच्या दुधाच्या विक्रीला मान्यता नाही. पण दुधातून मिळालेल्या ज्ञानाचं काय होतं, ते तुलाच विचारावं लागेल. म्हणून संमतीपत्र मराठीत माग. अभ्यासाला पैसा कोण पुरवतो, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, उरलेलं दूध पुढे दुसऱ्या अभ्यासाला वापरणार का, कंपनीला देणार का, तुझं नाव नमुन्यापासून वेगळं ठेवणार का, हे सगळं विचार. मध्येच माघार घेण्याचा हक्क तुला आहेच. उत्तरं गुळमुळीत आली तर सही करू नकोस.

दिलंस तर बाटलीवरची चिठ्ठी नीट भर. पाजायला घेताना येणारं दूध पातळ, निळसर दिसतं आणि शेवटी येणारं दाट, सायीचं. सकाळचं आणि रात्रीचंही एकसारखं नसतं. म्हणून वेळ, बाळाचं वय, पाजण्याआधी काढलं की नंतर, यातलं काही अंदाजाने लिहू नकोस. रात्री झोपेत वेळ बघायची राहिली, तर रकाना कोराच ठेव आणि तसं नर्सला सांग.

तुझी,
मावशी